द्विध्रुव परिबल आणि कार्बनी विद्रावकांचे सदृशीकरण

रेणूतील धन विद्युत् भारांचे केंद्र व ऋण विद्युत् भारांचे केंद्र एकाच बिंदूत नसेल, तर त्या रेणूस ध्रुवीय रेणू म्हणतात. विलग झालेला भार व दोन केंद्रांमधील अंतर यांच्या गुणाकारास द्विध्रुव परिबल अशी संज्ञा असून ते मोजण्याच्या एककास डेबाय हे नाव आहे (१ डेबाय = सु. ३·३४ × १०⁻³⁰ कुलंब-मीटर). पाण्याच्या रेणूचे परिबल वायुरूपात १·८५ डेबाय, ॲसिटोनाचे २·८८, ॲसिटोनायट्राइलाचे ३·९२, तर बेंझीन व कार्बन टेट्राक्लोराइड यांचे शून्य आहे. द्रवातील शेकडो वा हजारो रेणूंच्या हालचालींची गणिताने संगणकावर नक्कल करणे म्हणजे त्या द्रवाचे सदृशीकरण होय. एकट्या रेणूवर मोजलेला हा आकडा दाटीवाटीने असलेल्या द्रवातील रेणूस लागू पडतो काय, हा प्रश्न या विषयाच्या इतिहासात आरंभापासून आहे. त्याचे उत्तर शोधण्यात महाराष्ट्रातील दोन-तीन संशोधनगटांनी केलेले काम उल्लेखनीय आहे.

प्रश्नाचे व्यावहारिक स्वरूप समजण्यास पुणे–मुंबई लोहमार्गावरील दापोडी, कासारवाडी, पिंपरी व चिंचवड या पट्ट्याचे उदाहरण सोयीचे आहे. कासारवाडीच्या पुढचे स्थानक असलेल्या पिंपरी येथे १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स या सरकारी कंपनीची स्थापना झाली व १९५५ मध्ये तेथे पेनिसिलिनाचे उत्पादन सुरू झाले. या उद्योगात किण्वनानंतर मिळणाऱ्या पाणीदार रसात पेनिसिलिनाचे प्रमाण अल्प असते. ते वेगळे काढण्याची जगभर रूढ झालेली रीत अशी : रस थंड करून त्याचे पीएच मूल्य २ ते २·५ पर्यंत उतरवितात. पेनिसिलीन हे दुर्बल अम्ल असल्याने या स्थितीत त्याचे रेणू विद्युत् भाररहित राहतात आणि ब्युटिल ॲसिटेट किंवा अमिल ॲसिटेट या विद्रावकात उतरतात. अम्लीय पाण्यात पेनिसिलिनाचा नाश झपाट्याने होतो. म्हणून केंद्रोत्सारकाच्या साहाय्याने दोन्ही थर अल्पावधीत वेगळे करावे लागतात. त्यानंतर पीएच मूल्य ७ च्या आसपास आणून पेनिसिलीन लवणाच्या रूपात पुन्हा पाण्यात घेतात.

येथे ब्युटिल ॲसिटेटच का, असा प्रश्न सहज उद्भवतो. हेक्झेनासारख्या अध्रुवीय विद्रावकात पेनिसिलीन पुरेसे उतरत नाही. डायमिथिल फॉर्मामाइड पुष्कळ अधिक ध्रुवीय आहे. परंतु ते पाण्यात पूर्णपणे मिसळत असल्याने थरच पडत नाहीत. मधला मार्ग एस्टर वर्गातील संयुगांचा. आता आकडे पाहू. ब्युटिल ॲसिटेटाचे द्विध्रुव परिबल सु. १·९ डेबाय आहे, म्हणजे जवळजवळ पाण्याइतकेच. तरीही पाण्यात ते वजनी एक टक्कासुद्धा विरघळत नाही. धारित्राच्या पट्टिकांमध्ये निर्वाताऐवजी एखादा द्रव भरल्यास धारकता जितक्या पट होते त्या संख्येस त्या द्रवाचा विद्युत् अपारक स्थिरांक म्हणतात. तो पाण्यासाठी ७८, तर ब्युटिल ॲसिटेटासाठी केवळ ५ आहे. परिबल समान असून द्रवांच्या वागण्यात एवढे अंतर पडते, याचा उलगडा होण्यास सु. पाव शतक लागले.

इतिहास : द्विध्रुव परिबलाची कल्पना पीटर डेबाय यांनी १९१२ मध्ये मांडली. विद्युत् क्षेत्रात ठेवलेल्या पदार्थाचे ध्रुवण दोन प्रकारे होते, असे त्यांनी प्रतिपादन केले. एक, प्रत्येक रेणूतील इलेक्ट्रॉन किंचित सरकतात; दोन, मुळातच ध्रुवीय असलेले रेणू क्षेत्राच्या दिशेने वळू पाहतात. वळण्याच्या या प्रवृत्तीस उष्णतेमुळे होणारी रेणूंची धडपड विरोध करते, म्हणून दुसरा भाग तापमानाबरोबर घटतो व पहिला घटत नाही. निरनिराळ्या तापमानांस केलेल्या मापनांवरून दोन्ही भाग वेगळे करता येतात व परिबल काढता येते. या कार्यासाठी व रेणूंच्या संरचनेविषयीच्या इतर संशोधनासाठी डेबाय यांना १९३६ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

रसायनशास्त्रज्ञांना या मापनातून रेणूंच्या आकाराविषयी थेट पुरावा मिळाला. कार्बन डाय-ऑक्साइडाचे परिबल शून्य, म्हणून तो रेणू सरळ रेषेत. पाण्याचे शून्य नाही, म्हणून तो वाकलेला. पॅरा-डायक्लोरोबेंझिनाचे शून्य व ऑर्थो-डायक्लोरोबेंझिनाचे सु. २·५ डेबाय, यावरून बेंझीन वलयावरील क्लोरीन अणूंच्या जागा निश्चित करता आल्या. वायुरूपात न येणारे पदार्थ बेंझीन किंवा कार्बन टेट्राक्लोराइड यांत अल्प प्रमाणात विरघळवून मोजीत, कारण या दोहोंचे स्वतःचे परिबल शून्य. त्या काळी प्रयोगशाळांत हे दोन्ही द्रव उघड्यावर हाताळले जात. त्यांच्या विषारीपणाची पूर्ण जाणीव पुष्कळ उशिरा झाली.

डेबाय यांचे सूत्र वायू व विरल विद्राव यांस उत्तम लागू पडते, शुद्ध ध्रुवीय द्रवास मात्र नाही. पाण्याचे परिबल त्यात घातल्यास असे निष्पन्न होते की, साध्या तापमानास पाण्यातील सर्व रेणू बाहेरील क्षेत्राशिवायच एका दिशेने रांगेत उभे राहावेत. असे घडत नाही हे सांगण्यास प्रयोगाची गरज नाही. ही अडचण लार्स ऑन्सागर यांनी १९३६ मध्ये बव्हंशी दूर केली. द्रवातील रेणू आपल्या भोवतालच्या द्रवाचे ध्रुवण करतो आणि ते ध्रुवण उलट त्या रेणूवरच क्रिया करते, हे त्यांनी हिशेबात घेतले. जॉन कर्कवुड यांनी १९३९ मध्ये यापुढचे पाऊल टाकले. शेजारशेजारचे रेणू एकमेकांस समांतर राहतात की उलट दिशांना तोंड करतात, हे दर्शविणारा एक गुणक त्यांनी सूत्रात आणला. रेणू समांतर राहत असतील तर गुणक एकाहून मोठा, परस्परांचा प्रभाव खोडून काढीत असतील तर एकाहून लहान.

या गुणकाचे महत्त्व दोन विद्रावकांच्या तुलनेवरून चांगले कळते. एन-मिथिल फॉर्मामाइड व डायमिथिल फॉर्मामाइड यांची परिबले जवळजवळ सारखी, ३·८ डेबायच्या आसपास आहेत. पण पहिल्याचा अपारक स्थिरांक सु. १८०, दुसऱ्याचा ३७. पहिल्याच्या नायट्रोजनावर एक हायड्रोजन अणू शिल्लक असल्याने त्याचे रेणू हायड्रोजन बंधांनी एकामागे एक जोडले जाऊन लांब साखळ्या बनतात व त्यांची परिबले एकाच दिशेने मिळतात. दुसऱ्यात तो हायड्रोजन नाही. पाणी व ब्युटिल ॲसिटेट यांच्यातील फरकाचे एक कारण हेच होय. दुसरे कारण त्याहून साधे आहे : ब्युटिल ॲसिटेटाचा रेणू आकारमानाने पाण्याच्या रेणूच्या सु. सातपट असल्याने एक घन सेंमी. मध्ये मावणाऱ्या द्विध्रुवांची संख्या तितकीच कमी पडते. महाविद्यालयीन पाठ्यपुस्तकांत ध्रुवता व द्विध्रुव परिबल हे शब्द पुष्कळदा समानार्थी योजिलेले दिसतात. ही सवय सोयीची असली, तरी विद्रावकांच्या बाबतीत ती दिशाभूल करणारी आहे.

रेणूचा आकारही स्थिर नसतो. १, २-डायक्लोरोएथेन या विद्रावकात दोन क्लोरीन अणू एकमेकांच्या विरुद्ध बाजूंस असताना परिबल शून्य असते. मधल्या बंधाभोवती रेणू वळून ते जवळ आले म्हणजे ते बरेच मोठे होते. वायूत पहिला आकार बहुसंख्य असतो. द्रवात मात्र भोवतालचे ध्रुवीय रेणू दुसऱ्या आकारास आधार देतात व त्याचे प्रमाण पुष्कळ वाढते. जपानमधील सान-इचिरो मिझुशिमा यांच्या गटाने १९३० नंतरच्या दशकात याचा सखोल अभ्यास केला. एस्टरांच्या बाबतीत हा प्रकार अधिक ठळक आहे. एथिल ॲसिटेटात एस्टर गट ज्या रीतीने वळलेला असतो त्या रीतीत त्यातील बंधांची परिबले अंशतः एकमेकांस छेदतात व रेणूचे परिबल १·८ डेबायपुरते उरते. गॅमा-ब्युटिरोलॅक्टोन या वलयी एस्टरात वलयाच्या बंधनामुळे तोच गट उलट वळणात अडकलेला असतो; परिबल चार डेबायवर जाते आणि अपारक स्थिरांक ६ वरून सु. ४० होतो.

मराठवाड्यातील मापने : ध्रुवीय रेणूस वळण्यास वेळ लागतो. क्षेत्र नाहीसे झाल्यावर रेणूंची मांडणी पुन्हा विस्कळित होण्यास लागणाऱ्या काळास शिथिलन काल म्हणतात. २५° से. तापमानास तो पाण्यासाठी सु. ८ पिकोसेकंद (१ पिकोसेकंद = १०⁻¹² सेकंद), मिथेनॉलासाठी सु. ५० आणि एथेनॉलासाठी सु. १६० पिकोसेकंद असतो. जुन्या पद्धतीत एकेका कंप्रतेस स्वतंत्र मापन करावे लागे व प्रत्येक पट्ट्यासाठी वेगळी उपकरणे लागत. काल-क्षेत्र परावर्तन पद्धतीत काही पिकोसेकंदांत चढणारा एकच विद्युत् स्पंद द्रवावर सोडतात, परावर्तित स्पंदाचा आकार नोंदतात आणि गणिताने त्यातून सर्व कंप्रतांचे उत्तर एकदम काढतात. औरंगाबाद (छत्रपती संभाजीनगर) येथील मराठवाडा विद्यापीठात एस. सी. मेहरोत्रा यांच्या मार्गदर्शनाखाली ही पद्धत उभी राहिली. एस. एम. पुराणिक, ए. सी. कुंभारखाने व मेहरोत्रा यांनी १९९१ पासून तृतीयक ब्युटिल अल्कोहॉल–पाणी, अमाइडे–पाणी व डायमिथिल फॉर्मामाइड–पाणी या मिश्रणांवरील मापने प्रसिद्ध केली. १९९१ मध्ये मध व पाणी यांच्या मिश्रणावरही त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. पुढे नांदेड येथील स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात कुंभारखाने यांनी हे काम चालू ठेवले.

या मापनांचा रोख मिश्रणांवर होता, ही त्यांची खरी उपयुक्तता. कारखान्यात शुद्ध विद्रावक क्वचितच वापरला जातो. दोन द्रव मिसळले असता अपारक स्थिरांक त्यांच्या प्रमाणांच्या सरासरीइतका येत नाही. तो किती व कोणत्या बाजूस ढळतो, यावरून दोन प्रकारच्या रेणूंमध्ये कसे बंध जुळतात याचा अंदाज बांधता येतो. संगणकीय सदृशीकरणाची परीक्षा घेण्यासाठी अशा मापनांइतकी कठोर कसोटी दुसरी नाही, कारण घनता जुळविणे सोपे असते, अपारक स्थिरांक व शिथिलन काल जुळविणे अवघड.

सदृशीकरणाचा विकास : वास्तव द्रवाचे रेणूंच्या पातळीवरील पहिले यशस्वी सदृशीकरण हैदराबाद येथे जन्मलेल्या अनीसुर रहमान यांनी अमेरिकेत १९६४ मध्ये केले. त्यांनी ८६४ आर्गॉन अणूंच्या गतीची समीकरणे संगणकावर सोडविली. आर्गॉनास द्विध्रुव नाही. ध्रुवीय द्रवाकडे ते १९७१ मध्ये फ्रँक स्टिलिंजर यांच्यासमवेत वळले व २१६ रेणूंच्या पाण्याचे सदृशीकरण त्यांनी प्रसिद्ध केले. कार्बनी विद्रावकांसाठी विल्यम जॉर्गेन्सन यांनी १९८० नंतरच्या दशकात तयार केलेली बलक्षेत्रे, म्हणजे अणूंमधील बलांची सूत्रे व त्यांतील स्थिरांक, सर्वत्र रूढ झाली. त्यांत प्रत्येक अणूवर एक ठराविक विद्युत् भार ठेवतात आणि द्रवाची घनता व बाष्पीभवनाची उष्णता प्रयोगाशी जुळेपर्यंत ते भार बदलतात.

या जुळवणीत परिबलाचा प्रश्न पुन्हा समोर येतो. वायूतील मिथेनॉलाचे परिबल १·७० डेबाय आहे. जॉर्गेन्सन यांच्या प्रतिमानातील मिथेनॉलाचे २·२२. ही चूक नव्हे. द्रवात शेजाऱ्यांच्या क्षेत्रामुळे रेणूचे स्वतःचे परिबल वाढते, आणि स्थिर भार ठेवावयाचे झाल्यास ही वाढ आधीच त्यांत घालून ठेवणे भाग पडते. द्रवरूप पाण्यातील रेणूचे परिबल सु. २·६ ते ३·० डेबाय असावे असे मानले जाते, परंतु प्रचलित स्थिर-भार प्रतिमानांत ते २·३ च्या जवळपास ठेवलेले असते. ही तडजोड एका विशिष्ट परिस्थितीपुरती असते. पाण्यासाठी फुगविलेले भार घेऊन तोच रेणू तेलकट द्रवात नेला, तर तो तेथे अवाजवी ध्रुवीय ठरतो. पेनिसिलिनाचा रेणू पाण्याच्या थरातून एस्टराच्या थरात जाताना नेमके हेच स्थित्यंतर घडते.

सदृशीकरणातून अपारक स्थिरांक काढण्याची रीत अशी : पेटीतील सर्व रेणूंच्या परिबलांची सदिश बेरीज क्षणोक्षणी करतात व तिच्यातील चढउतार किती मोठे आहेत ते पाहतात, चढउतार जितके मोठे तितका स्थिरांक मोठा. सूत्र पेटीच्या सीमा कशा धरल्या आहेत यावर अवलंबून असते, हे मार्टिन न्यूमन यांनी १९८३ मध्ये दाखवून दिले. चढउतारांची सरासरी स्थिर होण्यास शिथिलन कालाच्या शेकडो पट काळाचे सदृशीकरण लागते. म्हणून आरंभीच्या काही पिकोसेकंदांच्या सदृशीकरणांतून आलेल्या आकड्यांवर फारसा विश्वास ठेवता येत नाही. कार्ल कॅलमन व सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये १४६ कार्बनी द्रवांवर दोन प्रचलित बलक्षेत्रांची तपासणी केली. घनता बऱ्याच अंशी जुळली, पण अपारक स्थिरांक सामान्यतः प्रयोगाहून कमी आले. अध्रुवीय द्रवांत याचे कारण उघड आहे : सायक्लोहेक्झेनाचा स्थिरांक २ आहे व तो जवळजवळ सर्वस्वी इलेक्ट्रॉनांच्या सरकण्यामुळे येतो. स्थिर भारांच्या प्रतिमानात इलेक्ट्रॉन सरकूच शकत नसल्याने उत्तर १ च्या आसपास येते. ज्यांत भार परिस्थितीनुसार बदलतात अशी ध्रुवणक्षम बलक्षेत्रे २००० नंतर प्रचारात आली; त्यांना गणनेचा वेळ कित्येक पट अधिक लागतो.

पुणे येथील कार्य : बलक्षेत्रातील भार शेवटी पुंजयामिकीच्या गणनेतून घेतले जातात, आणि ही गणना स्थूल असेल तर परिबलाची दिशासुद्धा चुकू शकते. कार्बन मोनॉक्साइडाचे परिबल केवळ ०·११ डेबाय असून त्याचे ऋण टोक कार्बनाकडे आहे. हार्ट्री-फॉक या सरळ पद्धतीने ते उलटे येते. इलेक्ट्रॉनांचे परस्परांस टाळणे हिशेबात घेतल्यावरच ते बरोबर येते. पाषाण येथील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत (स्थापना १९५०) सौरव पाल यांच्या गटाने युग्मित-समूह या अचूक पद्धतीचा विस्तार करून, ज्यांचे वर्णन एका इलेक्ट्रॉन-मांडणीने करता येत नाही अशा रेणूंची व मूलकांची द्विध्रुव परिबले काढण्याच्या रीती विकसित केल्या.

पुणे विद्यापीठात श्रीधर गद्रे यांच्या गटाने वेगळी दिशा धरली. परिबल ही एकच संख्या असून ती सममित रेणूत शून्य होते. तेथे ती काहीच सांगत नाही. १, ४-डायऑक्सेनाचे दोन ऑक्सिजन अणू समोरासमोर असल्याने त्याचे परिबल शून्याच्या जवळ व अपारक स्थिरांक केवळ २·२ आहे, तरी ते पाण्यात कोणत्याही प्रमाणात मिसळते. दोन्ही ऑक्सिजन अणूंजवळ ऋण विद्युत् वर्चसाचे प्रदेश असतात व पाण्याचे रेणू त्यांस चिकटतात. बेंझीन वलयाच्या वर व खाली असेच प्रदेश आहेत. रेणूच्या भोवती प्रत्येक बिंदूवर विद्युत् वर्चस काढून त्याचा जणू उंचसखल नकाशा करणे हा गद्रे यांच्या अभ्यासाचा विषय. आर. के. पाठक व गद्रे यांनी १९९० मध्ये असे सिद्ध केले की, या नकाशातील शिखरे अणुकेंद्रांवरच असतात, इतरत्र कोठेही नसतात. म्हणून नकाशाचे खरे वैशिष्ट्य त्यातील दऱ्यांत शोधावे लागते.

अशा नकाशांची गणना प्रचंड असते. १९८८ मध्ये पुण्यात प्रगत संगणन विकास केंद्र (सी-डॅक) स्थापन झाले व विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ट्रान्सप्युटर या संस्कारकांचा बनलेला परम ८००० हा समांतर संगणक तयार झाला. केंद्र विद्यापीठाच्या आवारातच असल्याने रसायनशास्त्रज्ञ व संगणक अभियंते यांची गाठ पडणे सोपे होते. नकाशातील प्रत्येक बिंदू इतरांपासून स्वतंत्रपणे काढता येत असल्यामुळे हे काम समांतर संगणकास विशेष अनुरूप होते. त्याच्याही पलीकडच्या मोठ्या रेणूंसाठी गद्रे, राजेंद्र शिरसाट व अजय लिमये यांनी १९९४ मध्ये एक युक्ती प्रसिद्ध केली. शिंपी कापड बेतून तुकडे कापतो व जोडतो त्याप्रमाणे मोठा रेणू परस्परांवर थोडे चढलेल्या तुकड्यांत कापावयाचा, प्रत्येक तुकड्याची गणना स्वतंत्रपणे करावयाची आणि शेवटी उत्तरे शिवावयाची. रेणु-बेतणी असे तिचे नाव ठेवता येईल. विद्युत् गुणधर्मांच्या सदृशीकरणासाठीच ती प्रथम मांडली गेली होती. पुढे रेणूंच्या समूहांची ऊर्जा काढण्यासाठीही ती वापरात आली. गद्रे व शिरसाट यांचा या विषयावरील इंग्रजी ग्रंथ २००० मध्ये प्रसिद्ध झाला.

विद्रावकांची बदली : १९९० नंतर या संशोधनास नवे निमित्त मिळाले. ओझोन थराच्या रक्षणासाठी झालेल्या माँट्रियल करारान्वये भारतात कार्बन टेट्राक्लोराइडाचा ओझोनास घातक असा वापर १ जानेवारी २०१० पासून बंद झाला. यंत्रभागांवरील वंगण धुण्यास ते वापरले जाई. वंगण अध्रुवीय असल्याने ते धुणाऱ्या द्रवाचे परिबलही अल्प असावे लागते. सु. ०·८ डेबाय परिबलाचे ट्रायक्लोरोएथिलीन या कामास योग्य म्हणून पर्यायांत पुढे आले. पण आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये त्याची गणना मानवात निश्चितपणे कर्करोग निर्माण करणाऱ्या पदार्थांत केली. पिंपरी-चिंचवड व चाकण परिसरासारख्या यंत्रभागांच्या उद्योगपट्ट्यांत अशा निर्णयाचा परिणाम धुण्याच्या टाकीजवळ उभ्या असलेल्या कामगारापर्यंत थेट पोहोचतो. विद्रावकाची भौतिकीय योग्यता आणि त्याची निर्धोकता यांचा परस्परांशी संबंध नाही; द्विध्रुव परिबल पहिलीविषयी थोडेबहुत सांगते, दुसरीविषयी काहीही नाही.

औषधनिर्मितीत डायमिथिल फॉर्मामाइडाची जागा घेणारा द्रव शोधण्याचे काम अधिक निकडीचे झाले आहे, कारण प्रजननास घातक म्हणून यूरोपीय संघाने २०२१ मध्ये त्याच्या वापरावर निर्बंध घालणारा नियम केला. आकड्यांच्या दृष्टीने पाहता गॅमा-व्हॅलेरोलॅक्टोन हा वनस्पतिजन्य पदार्थांपासून मिळणारा वलयी एस्टर उत्तम उमेदवार ठरतो. त्याचा अपारक स्थिरांक डायमिथिल फॉर्मामाइडाइतकाच, म्हणजे ३६ ते ३७ आहे व परिबलही मोठे आहे. पेप्टाइडांच्या संश्लेषणात तो वापरून पाहण्यात आला. तेथे नेहमी लागणाऱ्या पिपरिडीन या क्षारकाने मात्र त्याचे वलय उघडते व विद्रावकच विक्रियेत भाग घेतो. स्थिर बंध व स्थिर भार धरून केलेल्या सदृशीकरणात बंध तुटण्याची सोयच नसल्याने ही विक्रिया त्यात दिसणे शक्य नव्हते. तिचा मागोवा घेण्यास पुंजयामिकीच्या गणनेकडेच वळावे लागते.